मायोतने फ्रान्सला ‘हो’ का म्हटले?

वसाहतवादाचा धडा शिकवताना मुलांच्या डोक्यात एक सोपा हिशेब असतो. गोरे आले, लोकांना लुटले, लोक लढले, गोरे गेले. मीही वर्षानुवर्षे असेच शिकवत आलो. पण या हिशेबात न बसणारे एक बेट आहे. तिथले शंभरात पंच्याण्णव लोक मुसलमान आहेत. फ्रान्सला जायला सांगण्याची संधी त्यांना एकदा नव्हे, अनेकदा मिळाली आणि दरवेळी त्यांनी फ्रान्सला राहायला सांगितले.

आफ्रिका आणि मादागास्कर यांच्यामधल्या समुद्रात कोमोरोची चार बेटे आहेत: ग्रांद कोमोर, आंजुआन, मोहेली आणि मायोत. चारही बेटांवर शाफई मसलक पाळला जातो, म्हणजे आपल्या कोकणी मुसलमानांचाच. 1841 मध्ये मायोतच्या सुलतानाने वार्षिक तनख्याच्या बदल्यात बेट फ्रान्सला देऊन टाकले. हा सुलतान मूळचा मादागास्करचा, आणि आंजुआनसारख्या शेजाऱ्यांच्या भीतीने गांजलेला. बाकीची तीन बेटे फ्रान्सच्या ताब्यात आली ती त्यानंतर चार दशकांनी. ‘आम्ही आधीचे’ ही भावना मायोतकरांत तेव्हापासून आहे.

खरी ठिणगी पडली ती राजधानीवरून. कारभाराचे ठिकाण मायोतवरून ग्रांद कोमोरच्या मोरोनीला हलवायचा निर्णय 1958 मध्ये झाला. कचेऱ्या गेल्या, त्यांच्यामागे नोकऱ्या गेल्या, नोकरीवाले नवरेही गेले. मागे राहिल्या बाया. मायोतमध्ये घर बाईच्या मालकीचे असते, लग्नानंतर नवरा तिच्या घरी राहायला येतो. त्यामुळे बाया तिथून हलणाऱ्या नव्हत्या. झेना मदेरे आणि तिच्या सोबतिणींनी आंदोलन उभे केले आणि त्याची तऱ्हा जगावेगळी होती. मोरोनीहून एखादा मंत्री किंवा अधिकारी आला की बाया त्याला घेरायच्या आणि तो पळ काढेपर्यंत गुदगुल्या करायच्या! ऐकायला गंमत वाटते, पण 1969 मध्ये याच आंदोलनात झकिया मादी या तरुणीचा जीव गेला.

22 डिसेंबर 1974 ला चारही बेटांवर सार्वमत झाले. एकूण मतांपैकी सुमारे 95 टक्के स्वातंत्र्याच्या बाजूने पडली. मायोतमध्ये मात्र सुमारे 64 टक्के मते विरोधात होती. आता मते मोजायची कशी? चारही बेटांची मिळून, की प्रत्येक बेटाची वेगळी? वसाहतीच्या सीमा मोडायच्या नाहीत, असे संयुक्त राष्ट्रांचे तत्त्व. फ्रान्सच्या संसदेने मात्र बेटनिहाय हिशेब धरला. त्यावर 6 जुलै 1975 ला अहमद अब्दल्ला यांनी एकतर्फी स्वातंत्र्य जाहीर केले. मायोत बाहेर राहिले. फेब्रुवारी 1976 मध्ये सुरक्षा परिषदेत फ्रान्सविरुद्ध ठराव आला, तो फ्रान्सने नकाराधिकार वापरून पाडला आणि दोनच दिवसांनी मायोतमध्ये पुन्हा मतदान घेतले. या वेळी 99 टक्क्यांहून अधिक मते फ्रान्सच्या बाजूने पडली. असा आकडा दिसला की मला शंका येते, आणि ती निराधार नाही. स्वातंत्र्यवाद्यांना तिथे छळले गेले, कित्येकांना बेट सोडावे लागले. पण 1974 चे 64 टक्के दडपणाने आले, असे म्हणता येत नाही.

मायोतकरांना पॅरिस दूर होते आणि मोरोनी जवळ, हे मला पटते. दूरच्या मालकापेक्षा शेजारच्या थोरल्या भावाची भीती मोठी असू शकते. फ्रान्सला मात्र हिंदी महासागरात ठाणे हवे होते. त्याचा कळवळा बायांच्या घरांसाठी नव्हता.

याची किंमतही होती, आणि ती आपल्याकडच्या पर्सनल लॉच्या वादात बोलणाऱ्यांनी जरूर पाहावी. निकाह, तलाक, वारसा हे सारे तिथे काझी पाहत. पूर्ण फ्रेंच जिल्हा झाल्यास काझींचे न्यायदान संपेल, बहुपत्नीत्व चालणार नाही, हे सरकारने 2008 मध्येच सांगितले होते. तरी मार्च 2009 च्या सार्वमतात 95 टक्के मते ‘हो’ पडली. अर्थात जवळपास चाळीस टक्के मतदार मतदानाला फिरकलेच नव्हते. 2011 मध्ये मायोत फ्रान्सचा 101 वा जिल्हा झाला.

आणि आंजुआन? तेही 1997 मध्ये कोमोरोपासून फुटले आणि ‘आम्हाला परत घ्या’ म्हणून फ्रान्सच्या दारात गेले. फ्रान्सने नकार दिला. त्याआधी 1995 मध्येच मायोतला यायला व्हिसा लागू झाला होता. मधला समुद्र जेमतेम सत्तर किलोमीटरचा, दोन्हीकडे एकमेकांचे मामा, मावश्या, चुलते. व्हिसा नसलेले रात्री लहान मचव्यातून निघतात. आजवर हजारो बुडाले. डिसेंबर 2024 च्या चिडो वादळात मायोतमधल्या पत्र्याच्या वस्त्या भुईसपाट झाल्या. तिथे राहणाऱ्यांत कोमोरोहून आलेले, कागदपत्रे नसलेले पुष्कळ होते. पोलीस पकडतील या भीतीने त्यांच्यातले अनेक जण निवाऱ्याच्या इमारतींत गेलेच नाहीत, अशा बातम्या आल्या.