चाकू, स्प्रिंगचा घडीचा
पाते हाताने किंचित उघडताच मुठीतील स्प्रिंगच्या रेट्याने पूर्ण उघडणारा, खिशात बाळगावयाचा चाकू. केवळ खटका दाबून उघडणाऱ्या चाकूंच्या आंतरराज्य व्यापारावर अमेरिकेत 1958 च्या कायद्याने निर्बंध आल्यानंतर (पहा : खटक्याचा चाकू), विसाव्या शतकाच्या अखेरीस ही रचना तेथे रूढ झाली, 2009 च्या दुरुस्तीने ती त्या निर्बंधांतून वगळली. मिटलेले पाते आत दाबून धरणारी स्प्रिंग, अंगठ्याने खुंटी ढकलून पाते ठराविक कोनापलीकडे नेताच, उलट दिशेने जोर देते, आणि पाते पूर्ण उघडल्यावर मुठीतील धातूची पट्टी त्याच्या बुडाशी आडवी येऊन त्यास अडविते. मिटताना ती अंगठ्याने बाजूस सारावी लागते. लष्करी धाटणीच्या नमुन्यांत काळा वा हिरवट लेप, अंशतः दातेरी धार व काच फोडण्याचे टोक आढळते. हा साज बहुधा विक्रीपुरताच असतो. भारतात, घरगुती, शेतकी, शास्त्रीय व औद्योगिक उपयोगाची वगळता, 9 इंचांहून लांब अथवा 2 इंचांहून रुंद पात्यांचे चाकू शस्त्र नियम, 2016 अन्वये धारदार शस्त्रांत गणले जातात (पहा : रामपुरी चाकू), तथापि महाराष्ट्र पोलीस अधिनियम, 1951 च्या कलम 37 खाली मनाईहुकूम जारी असता त्याहून आखूड चाकू बाळगण्यासही मज्जाव करता येतो. छत्रपती संभाजीनगर (तत्कालीन औरंगाबाद) येथे मे 2018 मध्ये पोलिसांनी ऑनलाइन मागविलेल्या तलवारी व चाकू जप्त केले होते.