खुडूक कोंबडीची ऊब

निफाडात पारा कधी पाच अंशांखाली जातो. आपल्या मालवणात तशी थंडी नाही. तरी पौषाच्या पहाटे पिल्ले दगावतात. कोंबडीचे मूळ उष्ण रानातले. पिसे फुटेपर्यंत पिल्लाला स्वतःची ऊब राखता येत नाही.

आपल्या आज्या ते काम खुडूक कोंबडीवर सोपवत. २१ दिवस अंड्यांवर, मग पिल्ले पंखांखाली. पण खुडूक कोंबडी अंडी देत नाही, म्हणून जास्त अंड्यांच्या जाती निवडताना माणसाने ती सवयच मोडली. १९७१ साली बी. व्ही. राव यांनी व्यंकटेश्वरा हॅचरीज काढली. यंत्रात अंडी उबवण्याचा धंदा देशभर वाढला. पुढे बंगळूरची गिरिराजा, हैदराबादची वनराजा परसात आली, तीही आईवाचून. कोंबडीचे काम बायकांच्या गळ्यात पडले, आणि अंड्याच्या भावात ते कुणी धरले नाही.

पहिल्या आठवड्यात ३५ अंशांच्या आसपास ऊब लागते, मग दर आठवड्याला तीनेक अंश कमी. रात्री वीज गेली, बल्ब विझला, की पिल्ले एकमेकांवर चढून गुदमरतात. म्हणून आम्ही भाताचे तूस जाड पसरतो, गोणपाट लावतो, आणि एक तरी गावठी खुडूक राखतो. काळोखात तिच्या पंखांखाली एक-दोन दिवसांची परकी पिल्ले सरकवली, की बहुतेकदा ती सांभाळते.