र्‍युक्यू गोल्डन किंग्ज

र्‍युक्यू गोल्डन किंग्ज हा जपानच्या ओकिनावा प्रभागातील व्यावसायिक बास्केटबॉल संघ आहे. ओकिनावा शहर हे त्याचे मुख्य ठाणे असून तेथील ओकिनावा अरेना या क्रीडागारात तो घरचे सामने खेळतो. हा संघ बी.लीग या जपानच्या व्यावसायिक स्पर्धेच्या सर्वोच्च श्रेणीत तिच्या पहिल्या हंगामापासून (२०१६–१७) आहे. त्याआधी बीजे लीग या स्पर्धेत त्याने चार विजेतेपदे मिळवली होती. २०२२–२३ च्या हंगामात त्याने बी.लीगचे आणि २०२५ मध्ये सम्राट चषकाचे विजेतेपद पटकावले.

जपानमधील बहुतेक जुने बास्केटबॉल संघ मोठ्या कारखान्यांच्या आणि कंपन्यांच्या आश्रयाने वाढले. किंग्ज संघाची उभारणी मात्र प्रदेशाच्या नावावर आणि प्रेक्षकांच्या तिकिटांवर झाली. जपानी बास्केटबॉलमध्ये सुमारे दहा वर्षे चाललेल्या फुटीचा इतिहास सांगताना या संघाचा उल्लेख वारंवार येतो, तो याच कारणाने.

नाव

र्‍युक्यू हे ओकिनावा व आसपासच्या बेटांचे जुने नाव आहे. १४२९ ते १८७९ या काळात येथे र्‍युक्यूचे स्वतंत्र राज्य होते. चीन, जपान आणि आग्नेय आशियातील बंदरांशी चालणाऱ्या व्यापारावर ते भरभराटीला आले. पुढे ते जपानमध्ये विलीन करण्यात आले आणि त्याचा ओकिनावा प्रभाग झाला. संघाच्या नावातील ‘किंग्ज’ या शब्दाला या राजवटीचा संदर्भ आहे. संघाने प्रशासकीय नाव न घेता राज्याचे जुने नाव निवडले. आपल्या वेगळ्या भाषेविषयी व संस्कृतीविषयी जागरूक असलेल्या ओकिनावात या निवडीला अर्थ आहे.

ओकिनावातील बास्केटबॉल

दुसऱ्या महायुद्धानंतर ओकिनावा १९७२ पर्यंत अमेरिकेच्या प्रशासनाखाली होते. १५ मे १९७२ रोजी ते जपानला परत मिळाले, परंतु अमेरिकी लष्करी तळ तेथेच राहिले. कादेना हा विस्तीर्ण हवाई तळ ओकिनावा शहराला लागूनच आहे. या शहराच्या मध्यभागाला आजही कोझा म्हणतात. कोझा आणि मिसातो यांच्या एकत्रीकरणातून १९७४ मध्ये सध्याचे शहर अस्तित्वात आले. तळाच्या फाटकाबाहेर वाढलेल्या या गावात अमेरिकी संगीत रुजले, तसाच अमेरिकी खेळही रुजला. तळांमुळे झालेली जमिनीची कोंडी, गोंगाट आणि गुन्हे यांविषयीचा ओकिनावाचा रोष जुना आहे. बास्केटबॉलची गोडीही त्याच शेजारातून आली. या दोन गोष्टी तेथे एकत्र नांदतात आणि त्यांत कोणाला विसंगती वाटत नाही.

बेटावरील शालेय संघांनी उंचीची उणीव वेगाने भरून काढण्याची एक शैली विकसित केली. बेटाच्या उत्तर टोकाकडील हेन्तोना या लहानशा माध्यमिक विद्यालयाच्या संघाने १९७८ च्या राष्ट्रीय आंतरशालेय स्पर्धेत तिसरा क्रमांक मिळवला. बुटक्या खेळाडूंच्या या धावत्या, दमछाक करणाऱ्या खेळाची आठवण जपानी बास्केटबॉलच्या जाणकारांत अजून निघते. ताकेहिको इनोउए यांच्या ‘स्लॅम डंक’ या चित्रकथेवर आधारित आणि डिसेंबर २०२२ मध्ये प्रदर्शित झालेल्या चित्रपटाचा नायक र्‍योता मियागी हा ओकिनावात वाढलेला, ठेंगणा आणि चपळ खेळाडू दाखवला आहे, हेही येथे नोंदवण्यासारखे.

दोन स्पर्धांचा काळ

किंग्ज संघाचा जन्म समजण्यासाठी त्या वेळचा वाद समजून घ्यावा लागतो. कंपन्यांच्या संघांत खेळाडू हे बहुधा त्या कंपनीचे नोकरदार असत आणि संघाचा खर्च कंपनीच्या खात्यातून होई. कंपनीला मंदीने ग्रासले की संघ बंद होत असे. या व्यवस्थेला कंटाळून निइगाता आल्बिरेक्स आणि साइतामा ब्रोन्कोज हे संघ जुन्या स्पर्धेतून बाहेर पडले. त्यांच्या पुढाकाराने २००५ मध्ये सहा संघांची बीजे लीग सुरू झाली. प्रत्येक संघाचे एका प्रदेशाशी नाते, खेळाडूंच्या वेतनावर मर्यादा आणि तिकीटविक्रीतून उत्पन्न ही तिची तत्त्वे होती. जपानच्या राष्ट्रीय बास्केटबॉल संघटनेने पहिली काही वर्षे या स्पर्धेला मान्यता दिली नाही. त्यामुळे तेथील खेळाडूंसाठी राष्ट्रीय संघाचे दार बंद राहिले.

याच वातावरणात तात्सुरो किमुरा यांच्या पुढाकाराने २००६ मध्ये ओकिनावात संघाची कंपनी स्थापन झाली आणि २००७–०८ च्या हंगामात किंग्ज मैदानात उतरले. हा प्रयोग आर्थिक दृष्टीने धाडसी होता. ओकिनावाचे दरडोई उत्पन्न जपानच्या सर्व प्रभागांत तळाशी किंवा तळाजवळ असते. मोठे उद्योग तेथे फारसे नाहीत. शिवाय बाहेरच्या प्रत्येक सामन्यासाठी संघाला विमानानेच जावे लागते. मुख्य भूमीवरील संघांना उपलब्ध असलेला रेल्वेचा किंवा बसचा स्वस्त पर्याय येथे नाही.

पहिला हंगाम अपयशी ठरला. ४४ सामन्यांपैकी १० जिंकून संघ पश्चिम गटात शेवटचा आला. दुसऱ्या वर्षी दाइ ओकेतानी हे तरुण प्रशिक्षक आले. पहिल्या तिन्ही वर्षी विजेत्या ठरलेल्या ओसाका एवेस्सा संघातील जेफ न्यूटन आणि अष्टपैलू अँथनी मॅकहेन्री हे अमेरिकी खेळाडूही दाखल झाले. वर्षभरापूर्वी तळाला असलेल्या याच संघाने २००८–०९ च्या अंतिम सामन्यात तोक्यो अपाचे संघाला हरवून विजेतेपद जिंकले. अपाचेचे प्रशिक्षक तेव्हा जो ब्रायंट, म्हणजे कोबी ब्रायंट यांचे वडील होते.

पुढे २०११–१२, २०१३–१४ आणि २०१५–१६ या हंगामांतही किंग्ज विजयी झाले. यांपैकी शेवटचा हंगाम बीजे लीगचाही अखेरचा हंगाम होता. मॅकहेन्री २०१७ पर्यंत ओकिनावात राहिले. जपानी व्यावसायिक बास्केटबॉलमध्ये परदेशी खेळाडू वर्षादोन वर्षांत संघ बदलतात, हे पाहता हा सहवास विरळा म्हणावा लागेल. स्थानिक खेळाडूंत शिगेयुकी किंजो, मोरिहिसा यामाउची आणि नारितो नामिझातो यांचे योगदान मोठे आहे. नामिझातो हे ‘स्लॅम डंक’ शिष्यवृत्तीवर अमेरिकेत शिकायला गेलेले पहिले विद्यार्थी होत.

एकत्रीकरण आणि २२ सप्टेंबर २०१६

एका देशात दोन सर्वोच्च स्पर्धा असणे आंतरराष्ट्रीय बास्केटबॉल महासंघाला मान्य नव्हते. वारंवार सूचना देऊनही तोडगा निघेना, तेव्हा नोव्हेंबर २०१४ मध्ये महासंघाने जपानला आंतरराष्ट्रीय सामन्यांतून निलंबित केले. ही कोंडी फोडण्याचे काम साबुरो कावाबुची यांच्याकडे सोपवण्यात आले. जपानची व्यावसायिक फुटबॉल स्पर्धा उभी करणारे म्हणून ते प्रसिद्ध होते. त्यांनी पाच हजार आसनांच्या क्रीडागाराची अट घालून सर्व संघांना एका छत्राखाली आणले. ऑगस्ट २०१५ मध्ये निलंबन उठले.

नव्या बी.लीगचा उद्घाटनाचा सामना २२ सप्टेंबर २०१६ रोजी तोक्योतील योयोगी राष्ट्रीय क्रीडागारात झाला. एका बाजूला टोयोटा कंपनीच्या संघातून घडलेला आल्वार्क तोक्यो होता आणि दुसऱ्या बाजूला बीजे लीगचा शेवटचा विजेता र्‍युक्यू. जमिनीवर पूर्ण एलईडी पडदा अंथरून त्यावर हा सामना खेळवला गेला. वृत्तपत्रांनी या लढतीला प्रतिष्ठितांविरुद्ध रानगवत असे रूप दिले. आल्वार्कने ८०–७५ असा विजय मिळवला. किंग्ज हरले, पण कंपन्यांचे संघ बीजे लीगच्या संघांना सहज चिरडतील हा समज त्या पाच गुणांच्या फरकाने खोटा पाडला.

तरीही पहिल्या हंगामात दोन्ही गटांतील दर्जाची दरी दिसून आलीच. २०१७ च्या उन्हाळ्यात किंग्ज व्यवस्थापनाने संघ मुळापासून बदलला. नुकतेच विजेते ठरलेल्या तोचिगी ब्रेक्सचे ताकातोशी फुरुकावा यांच्यासारखे अनुभवी खेळाडू मुख्य भूमीवरून आणले गेले. स्थानिक चेहऱ्यांचा संघ ही ओळख त्यामुळे काहीशी पुसट झाली. बदलाचा परिणाम मात्र लगेच दिसला. २०१७–१८ पासून २०२२–२३ पर्यंत सलग सहा हंगाम किंग्ज पश्चिम गटात पहिले आले. बाद फेरीत मात्र उपांत्य लढतीत त्यांची वाट वारंवार अडत राहिली, आणि २०१९–२० चा हंगाम तर कोविडच्या साथीमुळे मध्येच रद्द झाला.

विजेतेपद

२०२१ मध्ये ओकेतानी पुन्हा प्रशिक्षक झाले. त्यांच्या पहिल्याच हंगामात संघाने ४९ सामने जिंकले आणि फक्त ७ गमावले. अंतिम मालिकेत मात्र उत्सुनोमिया ब्रेक्सने त्यांना सलग दोन सामन्यांत हरवले.

पुढल्या वर्षी योकोहामा अरेनात चिबा जेट्सशी गाठ पडली. नियमित हंगामात ६० पैकी ५३ सामने जिंकलेल्या चिबाचे पारडे जड मानले जात होते. २७ मे २०२३ चा पहिला सामना दोनदा जादा वेळेत गेला आणि किंग्जने तो ९६–९३ असा खेचून आणला. दुसऱ्या दिवशी ८८–७३ असा विजय मिळवून त्यांनी विजेतेपद निश्चित केले. बीजे लीगमध्ये शेवटपर्यंत राहिलेल्या संघांपैकी बी.लीग जिंकणारा हा पहिला संघ होय. (खुद्द चिबा जेट्सची सुरुवातही बीजे लीगमध्येच झाली होती, परंतु २०१३ मध्ये तो प्रतिस्पर्धी स्पर्धेत गेला.)

त्यानंतरची दोन वर्षे अंतिम मालिकेपर्यंत मजल जाऊनही निराशा पदरी पडली. २०२४ मध्ये हिरोशिमा ड्रॅगनफ्लाइजकडून आणि २०२५ मध्ये पुन्हा उत्सुनोमियाकडून १–२ अशी हार पत्करावी लागली. २०२५ चा निर्णायक सामना तर अवघ्या दोन गुणांनी, ७१–७३ असा निसटला. सलग चार वर्षे अंतिम मालिका गाठूनही विजेतेपद एकच, असा हा हिशेब आहे.

सम्राट चषक ही राष्ट्रीय संघटनेची सर्वांत जुन्या परंपरेची स्पर्धा. या स्पर्धेच्या अंतिम सामन्यात २०२३ आणि २०२४ मध्ये चिबाने किंग्जना हरवले होते, त्यातही २०२४ चा ११७–६९ हा पराभव झोंबणारा होता. मार्च २०२५ मध्ये आल्वार्क तोक्योला ६०–४९ असे नमवून किंग्जने हा चषक प्रथमच मिळवला. ज्या संघटनेने एकेकाळी बीजे लीगला दारात उभे केले नव्हते तिचा हा चषक, आणि समोर उद्घाटनाच्या सामन्यातला तोच प्रतिस्पर्धी. ओकिनावातील जुन्या चाहत्यांना हा योग जाणवल्याशिवाय राहिला नसेल.

या सर्व काळाला जोडणारा खेळाडू म्हणजे नागो येथील र्‍युइची किशिमोतो. बीजे लीगच्या दिवसांपासून ते याच संघात आहेत. लांबून, अनेकदा बचाव करणाऱ्याला अंदाज येण्याआधीच टाकलेले तीन गुणांचे फेक ही त्यांची खूण आहे. १४ क्रमांकाच्या त्यांच्या सदऱ्याला क्रीडागारात सर्वाधिक मागणी दिसते. जॅक कूली, अॅलन डरहॅम आणि केइता इमामुरा हे २०२३ च्या विजयातील अन्य प्रमुख खेळाडू होते.

ओकिनावा अरेना

जपानमधील सार्वजनिक व्यायामशाळा ‘खेळण्यासाठी’ बांधलेल्या असतात. आसने बेताची, दृश्य अपुरे आणि अनेक ठिकाणी बाहेरचे बूट दारात काढून आत जाण्याची सक्ती. किंग्जचे आधीचे घर, ओकिनावा शहर व्यायामशाळा, याच प्रकारात मोडे. २०१४ मध्ये महापौरपदी निवडून आलेले साचिओ कुवाए यांनी दहा हजार प्रेक्षकांच्या क्रीडागाराचे आश्वासन दिले होते. एवढ्या लहान शहराला एवढी मोठी वास्तू पेलणार कशी, ही शंका तेव्हा रास्तच होती.

कोझा क्रीडा उद्यानातील ही वास्तू २०२१ मध्ये खुली झाली. तिची रचना ‘पाहण्यासाठी’ केलेली आहे. आसने वाडग्याप्रमाणे मैदानाला वेढतात आणि मध्यभागी छताला प्रचंड चित्रफलक टांगलेला आहे. बास्केटबॉलसाठी सुमारे ८,००० आणि अन्य कार्यक्रमांसाठी १०,००० पर्यंत प्रेक्षक मावतात. मालकी शहराची असून चालवण्याचे काम संघाशी संलग्न कंपनी करते. संघाच्या वेळापत्रकाला आणि खानपानापासून प्रकाशयोजनेपर्यंत सगळ्याच गोष्टींना त्यामुळे एकाच हाताची शिस्त लाभते. नामाधिकाराच्या करारानुसार २०२४ मध्ये तिचे नाव ‘ओकिनावा सनटोरी अरेना’ झाले. येथील प्रेक्षकांची बोटे तोंडात घालून वाजवलेली कर्णभेदी शिट्टी पाहुण्या संघांच्या परिचयाची झाली आहे.

२०२३ च्या विश्वचषक स्पर्धेतील प्राथमिक फेरीचे दोन गट येथे खेळले. २७ ऑगस्ट रोजी जपानने फिनलंडला ९८–८८ असे हरवले. विश्वचषकात युरोपीय संघावर जपानचा तो पहिलाच विजय होता. पाठोपाठ व्हेनेझुएला आणि केप व्हर्देवर मात करून जपानने पॅरिस ऑलिंपिकची पात्रता मिळवली. यजमान म्हणून मिळालेला २०२० चा प्रवेश वगळता, १९७६ नंतर प्रथमच. बी.लीगच्या इतर संघांनी आणि नगरपालिकांनी नवी क्रीडागारे आखताना ओकिनावाचा नमुना पुढे ठेवलेला दिसतो.

बी.प्रीमियर

बी.लीगने २०२६–२७ च्या हंगामापासून सर्वोच्च श्रेणीची पुनर्रचना ठरवली आहे. ‘बी.प्रीमियर’ नावाच्या या श्रेणीतील प्रवेश मैदानावरील बढती-घसरणीवर अवलंबून नाही. १२० कोटी येनची वार्षिक उलाढाल, सरासरी ४,००० प्रेक्षक आणि निकषांत बसणारे क्रीडागार या अटींवर तो दिला जातो. ऑक्टोबर २०२४ मध्ये पहिल्या टप्प्यात परवाना मिळालेल्या २२ संघांत किंग्जचा समावेश होता. या अटींवर लहान शहरांतील संघांची दारे बंद होत असल्याची टीका होते. २०१६ मध्ये ज्यांना रानगवत म्हटले गेले त्या किंग्जना या तिन्ही अटी पुऱ्या करण्यात अडचण आली नाही. बीजे लीगमधील त्यांच्या अनेक जुन्या सोबत्यांची गोष्ट वेगळी आहे.