बाटलीतलं अरिष्ट

इटलीत वेरोनाजवळच्या वाल्पोलिचेल्ला भागात द्राक्षांचे घड तीन-चार महिने सुकवून ‘आमारोने’ ही दाट, लाल वाइन करतात. ‘आमारो’ म्हणजे कडू, ‘ओने’ हा मोठेपणाचा प्रत्यय. सुकल्या द्राक्षांच्याच गोड ‘रेचोतो’पासून तिचं वेगळेपण या नावानं कळतं.

आपल्याकडे सुकलेली द्राक्षं आंबवून केलेलं पेय औषधांच्या कपाटात असतं: द्राक्षारिष्ट. मनुकांचा काढा आटवायचा, त्यात गूळ, मसाले आणि धायटीची फुलं घालून भांडं बंद ठेवायचं. मद्यार्क आतच तयार होतो आणि औषध टिकवतो. काढा न करता आंबवलं तर ते आसव.

पण मराठीत अरिष्ट म्हणजे संकट! ते औषधाच्या बाटलीवर कसं?

संस्कृतात ‘रिष्’ म्हणजे इजा होणं. अरिष्ट म्हणजे ज्याला इजा झाली नाही ते, सुरक्षित. हाच शब्द मरणाच्या लक्षणांनाही लावला गेला. अमरकोशात त्याचे शुभ आणि अशुभ असे दोन्ही अर्थ आहेत. मराठी बोलण्यात अशुभ तेवढं उरलं, याची मला हळहळ वाटते. शुभ अर्थ वैद्यांनी सांभाळला. संस्कृतात कडुनिंबही अरिष्टच, आणि केस धुण्याचा ‘रिठा’ हा शब्द संस्कृत ‘अरिष्टका’चा वंशज.