रॉ की जेपीजी? जत्रेचे फोटो काढताना

कॅमेऱ्याच्या सेन्सरने टिपलेला उजेड फारशी प्रक्रिया न करता साठवला की रॉ फाइल होते. जेपीजीत मात्र रंग आणि उजेड कॅमेराच ठरवतो, फाइल लहान करतो आणि उरलेली माहिती कायमची टाकून देतो. बँकेच्या भाषेत रॉ म्हणजे मूळ व्हाउचर, जेपीजी म्हणजे पासबुकातली नोंद.

जेपीजीत प्रत्येक रंगाच्या 256 पायऱ्या असतात, 14 बिटच्या रॉमध्ये 16,384. भर दिवसा हा फरक सहसा जाणवत नाही. जाणवतो तो शिरगावला, श्री लईराईच्या जत्रेत. पहाटेच्या काळोखात धोंड होमखणातून जातात तेव्हा निखारे पांढरेफटक येतात आणि चेहरे काळे. हा क्षण पुन्हा वर्षाने येणार. रॉ असेल तर काळोखातले चेहरे संगणकावर बरेच उजळता येतात, पिवळट झाकही काढता येते. निखारे मात्र मुळातच जळून पांढरे झाले असतील तर रॉही ते परत आणत नाही, म्हणून एक्स्पोजर थोडे कमीच ठेवावे. आणि धोंडांवर फ्लॅश मारू नये. पेडण्याच्या पुनवेला रात्री तरंगांचे फोटो काढतानाही हेच धोरण ठेवावे.

रॉ फाइल कितीतरी जास्त जागा खाते आणि आधी जेपीजी केल्याशिवाय व्हॉट्सअ‍ॅपवर पाहण्याजोगी होत नाही. बारसे, वाढदिवस, स्नेहसंमेलन यांना जेपीजी पुरे. मन ठरत नसेल तर बहुतेक चांगल्या कॅमेऱ्यांत दोन्ही एकदम साठवण्याची सोय असते. कार्ड तेवढे मोठे घ्यावे.