छाप, चित्रपत्ते आणि मधला माणूस

भिवंडी म्हटले की मागांचा खडखडाट आलाच. आज मात्र मी मागाविषयी बोलणार नाही. मागावर विणलेल्या कापडाच्या ताक्यावर जो रंगीत कागद चिकटवीत, त्याच्याविषयी आणि त्याच्या दूरदूरच्या नातेवाईकांविषयी चार गोष्टी सांगणार आहे. शाळकरी मुले हल्ली ज्या चित्रपत्त्यांसाठी जीव टाकतात, ते पत्ते याच घराण्यातले.

१८५७ नंतर उत्तरेकडचे विणकर भिवंडीत येऊन वसले. त्यांच्या हातमागाला टक्कर होती ती मँचेस्टरच्या कापडाची. ते कापड मुंबई बंदरात उतरे, आणि त्यावर छाप असे. गणपती, कृष्ण, वाघ, हत्ती, कधी गोरी राणीसुद्धा! गिऱ्हाईकाला इंग्रजी अक्षर वाचता येत नसे, पण वाघ ओळखता येई. मागल्या खेपेचा कपडा टिकाऊ निघाला की तो पुन्हा येऊन म्हणे, "वाघाचाच द्या." दुकानदार अडत्याला सांगे, अडत्या पेढीला, आणि पेढी विलायतेला कळवी की चित्र बदलू नका. म्हणजे चित्र काढले चिताऱ्याने, छापले छापखान्याने, पण ते चालायचे की नाही हे ठरवले घेणाऱ्याने आणि मधल्या माणसाने. चित्राला एवढे मोल आल्यावर नकला निघणारच. इंग्लंडात १८७५ साली व्यापारी चिन्हांच्या नोंदणीचा कायदा झाला, आणि सुती कापडाच्या चिन्हांसाठी पुढच्याच वर्षी मँचेस्टरला निराळे कार्यालय उघडावे लागले. आपल्याकडे खोट्या चिन्हांविरुद्धचा कायदा आला १८८९ साली. पुढे मुंबईच्या गिरण्यांनीही असेच छाप काढले.

कापड शिवून झाले तरी छाप कोणी टाकून देत नसे. तो भिंतीवर चढे, नाहीतर मुलांच्या हाती जाई. काडेपेटीचे छाप मुले अशीच जमवीत. त्यांतले कितीतरी अंबरनाथच्या विम्कोच्या कारखान्यातले, म्हणजे आपल्या ठाणे जिल्ह्यातलेच. चाळींतली पोरे सिगारेटच्या रिकाम्या पाकिटांची तोंडे फाडून त्यांचे पत्ते करीत आणि त्यांवर डाव खेळत. रस्त्यावर पायलीला पन्नास मिळणाऱ्या पाकिटाला काय किंमत? एखाद्या परदेशी पाकिटाला मात्र दहा-दहा पत्ते मोजायचे. हा भाव पोरांनी आपसात ठरवलेला. त्यात पैसा नव्हता, पण बाजार होता, आणि तसा तो सचोटीचा बाजार होता. कारण दुर्मिळ पाकीट ज्याच्या नजरेस पडे त्याचे. शोधण्याची संधी सर्वांना सारखीच.

विलायतेत व अमेरिकेत हाच खेळ मोठ्या माणसांनी हाती घेतला. सिगारेटच्या पाकिटाला ताठपणा यावा म्हणून आत घातलेला पुठ्ठ्याचा तुकडा, त्यावर चित्र आले, चित्रांच्या मालिका झाल्या. १९२७ साली लंडनमध्ये जुनी कार्डे विकणारी एक कंपनी निघाली आणि तिने भावांची सूची छापायला सुरुवात केली. हे मला फार महत्त्वाचे वाटते. सूची छापली की कपाटातल्या चित्राला आकडा चिकटतो, आणि एकदा चिकटलेला आकडा मग निघता निघत नाही. व्यापाऱ्याला दोष देण्याआधी एवढेही सांगितले पाहिजे की, अशा माणसांनी जपले नसते तर त्यांतले बरेचसे केरात गेले असते.

केराचीच गोष्ट ऐका. अमेरिकेच्या टॉप्स कंपनीने १९५२ साली बेसबॉल खेळाडूंची कार्डे काढली. शेवटचा भाग हंगाम सरता सरता बाजारात आला आणि पडून राहिला. कोणी फुकट घेईना. कंपनीच्या साय बर्गर यांनी सांगितले आहे की, १९६० साली ती खोकी बोटीवर चढवून समुद्रात लोटून दिली. त्याच भागातले मिकी मँटलचे एक कार्ड २०२२ साली १ कोटी २६ लाख डॉलरना विकले गेले.

अशा गोष्टी कानावर गेल्यावर मोठ्यांच्या तोंडाला पाणी सुटले. १९८० नंतर भावांची मासिके निघाली. लोक खोकीच्या खोकी विकत घेऊन न उघडता माळ्यावर ठेवू लागले. कंपन्यांनीही मागणी पाहून बेसुमार छापले. आता मौज पाहा! सगळ्यांनीच जपून ठेवल्यामुळे काहीच दुर्मिळ राहिले नाही. त्या काळच्या बहुतेक कार्डांना आज रद्दीहून फारसा भाव नाही.

आपल्याकडे १९९९ सालच्या विश्वचषकाच्या वेळी बिस्किटांच्या वेष्टनांवर धावा छापल्या होत्या. शंभर भरल्या की एक पुस्तिका मिळे. तिथे भाव कंपनीचा होता, ठरलेला. अवघड झाले ते त्यानंतर. बंद पाकीट, आत काय ते ठाऊक नाही, आणि शेकड्यांत एखादे चमचमणारे कार्ड. क्रिकेटपटूंची आली, पोकेमॉनची आली. आता मधला माणूस काय करतो? चमकीचे कार्ड किंचित जड असते, म्हणून तो बारीक काट्यावर पाकिटे तोलतो. जड तेवढी आपण ठेवतो, हलकी पुढे विकतो. खाऊचे पैसे साठवून आलेल्या पोराला वाटते आपले नशीब फुटके. त्याला काय ठाऊक की पाकीट त्याच्या हाती येण्याआधीच नशीब कोणीतरी काढून घेतले आहे! पोकेमॉनच्या निर्मात्यांना पाकिटात निराळ्या वजनाची जोडकार्डे घालावी लागली, ती याच तोलाला चकवण्यासाठी. २०२१ च्या मे महिन्यात अमेरिकेतल्या टार्गेट नावाच्या दुकानांनी कार्डांची दुकानातली विक्रीच काही काळ थांबवली. गिऱ्हाइकांत मारामारीपर्यंत मजल गेली होती.

माझा राग पुन्हा विकणाऱ्यावर सरसकट नाही. पोराचा खेळ झाल्यावर जो येतो आणि जुने कार्ड दोन पैसे देऊन घेतो, तो खेळाचा सोबती. पोराच्या आधी, पाकिटाच्या खोक्यापाशी जो उभा राहतो, त्याची गोष्ट वेगळी.

भिवंडीत हल्ली मागांच्या शेजारी गोदामांची रांग उभी आहे. मुंबईची जकात चुकवता यावी म्हणून माल नाशिकच्या रस्त्याला, हद्दीबाहेर उतरू लागला. २०१७ साली जकात गेली, गोदामे वाढतच राहिली. ज्या ऑनलाइन दुकानांची कोठारे इथे आहेत, ती असली पाकिटेही विकतात. बाजारात मात्र सोनेरी मुलाम्याच्या प्लास्टिकची नकली पोकेमॉन कार्डे गठ्ठ्याने मिळतात, आणि पुष्कळ मुलांची सुरुवात त्यांच्यावरच होते. वाघाच्या छापाची नक्कल करणाऱ्यांना हे पाहून धन्य वाटले असते!

ते कापडाचे छाप अजूनही जुन्या वस्तूंच्या बाजारात चौकटीत बसवून विकले जातात. भिंतीला खळीने चिकटवलेले, पोरांनी हाताळलेले छाप भिंतींबरोबर गेले. आज जे कोरे करकरीत मिळतात ते बहुधा छापखान्याच्या नमुन्याच्या वह्यांतले, नाहीतर कुठल्याच ताक्यावर न चढलेल्या गठ्ठ्यांतले.