मिकमाक समाज : जमीन सोडलीच नाही, तरी हक्कासाठी कोर्टाची पायरी

कॅनडाच्या पूर्व किनाऱ्यावरचा मिकमाक हा तिथला मूळनिवासी समाज. नोव्हा स्कोशिया, न्यू ब्रन्सविक, प्रिन्स एडवर्ड आयलंड, न्यूफाउंडलंड आणि क्वेबेकचा गास्पे भाग इथे त्यांची वस्ती आहे. काही जण सीमेपलीकडे अमेरिकेच्या मेन राज्यातही राहतात. आपल्या मुलखाला ते मिकमाकी म्हणतात.

करार झाले, पण जमीन दिली नाही

1726, 1752 आणि 1760-61 मध्ये ब्रिटिश राजसत्तेशी 'शांतता आणि मैत्री'चे करार झाले. त्यात जमीन सोडून देण्याचं कलम नाही. समाजाच्या दाव्याचा पाया हाच. तरीही जमिनी बाहेरून आलेल्यांना वाटल्या गेल्या आणि मिकमाकांच्या वाट्याला छोटी राखीव क्षेत्रं उरली. 1940 च्या दशकात तर नोव्हा स्कोशियातल्या कुटुंबांना एस्कासोनी आणि शुबेनाकडी या दोनच ठिकाणी हलवण्याचा घाट सरकारने घातला होता.

कारभार कोणाचा?

मिकमाकांची परंपरेने चालत आलेली महापरिषद आहे. मुलखाचे सात जिल्हे आणि सर्वांवर एक महाप्रमुख, अशी तिची रचना. 1876 च्या इंडियन अ‍ॅक्टने मात्र वस्तीनिहाय परिषदा आणल्या. घरं, शाळा, सरकारी निधी हा रोजचा कारभार निवडून आलेला प्रमुख आणि त्याची परिषद पाहते, तर करार आणि परंपरेचा वारसा महापरिषद सांगते.

कराराला कोर्टात किंमत मिळायला फार वेळ लागला. महाप्रमुख गॅब्रियल सिलिबॉय यांनी शिकारीच्या खटल्यात 1752 च्या कराराचा आधार घेतला, पण 1928 मध्ये त्यांना दोषी ठरवलं गेलं. नोव्हा स्कोशिया सरकारने त्यांना माफी दिली ती 2017 मध्ये, मृत्यूनंतर कितीतरी वर्षांनी.

वाम माशाचा खटला

1993 मध्ये डोनाल्ड मार्शल ज्युनियर यांनी बंदीच्या काळात, परवाना नसताना 463 पौंड वाम मासे पकडून 787 डॉलरला विकले. खटला सुप्रीम कोर्टापर्यंत गेला. 17 सप्टेंबर 1999 रोजी कोर्टाने त्यांना सोडलं. 1760-61 च्या करारांनुसार 'माफक उपजीविके'साठी मासे पकडून विकण्याचा हक्क मिकमाकांना आहे, असा निकाल लागला. दोनच महिन्यांत कोर्टाने खुलासा केला, की मासळी टिकवण्यासारख्या सबळ कारणांसाठी सरकार या हक्कावर नियम घालू शकतं.

'माफक' म्हणजे किती?

इथेच घोडं पेंड खातं. माफक उपजीविका म्हणजे नेमकी किती, हे निकालात ठरलेलं नाही. निकालानंतर बर्न्ट चर्च इथे शेवंडाच्या सापळ्यांवरून मोठा संघर्ष झाला. 17 सप्टेंबर 2020 रोजी सिपेक्नेकाटिक वस्तीने शेवंड पकडण्याचे स्वतःचे परवाने वाटले. इतर मच्छीमारांनी विरोध केला आणि पुढच्या महिन्यात मिकमाकांची मासळी ठेवलेलं एक गोदाम जळालं.

जमिनीच्या बाबतीत कोर्टाचा हात आखडताच राहिला. 2005 मध्ये लाकूडतोडीच्या दोन खटल्यांत व्यापारी तोडीचा हक्क आणि त्या जागांवरचा मालकी दावा, दोन्ही फेटाळले गेले. समुद्रात मात्र समाजाने दुसरी वाटही धरली आहे. 2021 मध्ये काही मिकमाक वस्त्यांनी एकत्र येऊन, एका खासगी कंपनीच्या भागीदारीत, क्लिअरवॉटर ही कॅनडातली बडी मासळी कंपनी विकत घेतली. छोट्या होडीवाल्याच्या 'माफक' हक्काचा प्रश्न त्याने सुटलेला नाही.